घरचा इंच

"माणसाने एकदा मत बनवलं की मरेपर्यंत ते बदलायचं नाही. मी आयुष्यात एकदाही बदललेलं नाही," असं थोरल्यांनी आरशासमोर उभं राहून जाहीर केलं आणि सकाळपासूनचा तिसरा सदरा अंगातून काढला.

पलंगाच्या कडेला बसून वहिनी आधीच्या दोन सदऱ्यांच्या घड्या घालत होत्या. घरातली माणसंच काय, गल्लीतले दुकानदारही त्यांना वहिनीच म्हणत. तेव्हा आपणही म्हणायला हरकत नाही. "मत राहू द्या," त्या म्हणाल्या, "पण सदऱ्याचं काहीतरी एक ठरवा. चौथा दोरीवर आहे आणि तो ओला आहे."

सदऱ्यांचा घोळ उगाच नव्हता. एकतीस वर्षांनी आज थोरल्यांचा धाकटा भाऊ दुकानाची पायरी चढणार होता. धाकट्यांची नजर माणसाच्या तोंडाआधी त्याच्या शिवणीवर जाते हे थोरल्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांची स्वतःचीही तशीच जात असे. पहिल्या सदऱ्याची कॉलर डावीकडे किंचित उचललेली निघाली. दुसऱ्याचं तिसरं काज तिरकं होतं. तिसरा लेकीने शिवलेला. त्यात पाव तास शोधूनही खोट सापडेना, तेव्हा थोरल्यांना तिचाच संशय आला.

"हा सदरा तिने मला नेमका गेल्या आठवड्यात का शिवून दिला?"

"तुमचे विटले होते म्हणून."

"नाही. यात काहीतरी आहे."

"यात तुम्ही आहात. घाला परत आणि चला खाली. सगळी येऊन बसली असतील."

ज्या मताचा वर उल्लेख झाला ते तसं आटोपशीर होतं: बेचाळीस कोट धाकट्याने मुद्दाम आखूड कापले. हकीकत जुनी आहे, पण या घराण्यात कुठलीही हकीकत एकदा सांगून संपत नाही, म्हणून थोडक्यात पुन्हा.

थोरल्यांचे वडील म्हणजे मास्तर. त्यांचा पहिलावहिला टेप एकदा तापलेल्या इस्त्रीखाली आला आणि त्याचा पहिला इंच जळाला. पुढचे एकोणसाठ इंच धडधाकट असताना टेप टाकून देणं मास्तरांच्या स्वभावात नव्हतं. ते टेप एकच्या आकड्यापासून लावू लागले. चोवीस इंचांची बाही टेपवर पंचवीस दिसायची. माप घेणारा पंचवीस म्हणायचा, वहीत पंचवीस लिहिलं जायचं, आणि कापणारा कात्री उचलण्याआधी मनातल्या मनात एक वजा करायचा. याला घरात 'घरचा इंच' म्हणत. पुढे नवे टेप आले, एक सोडून सात-आठ आले, सगळ्यांचा पहिला इंच शाबूत. माप मात्र एकपासूनच. का, असं कुणी विचारलं तर थोरले सांगत, "वही चोरीला गेली तर चोराचे कपडे बिघडले पाहिजेत." धाकटे सांगत, "टेपचं टोक कधीच भरवशाचं नसतं." त्यांची बहीण, म्हणजे आत्या, सांगे, "नाहीतर बाबांना वाईट वाटेल." मास्तर जाऊन चौदा वर्षं झाली होती.

एकतीस वर्षांपूर्वी नव्या बंबखान्याच्या बेचाळीस जवानांचे कोट या दुकानाने शिवले. बंबखान्यात जाऊन मापं थोरल्यांनी घेतली, शेजारी उभं राहून आत्याने ती वहीत लिहिली, आणि दुकानात टेबलावर धाकट्यांनी कापड कापलं. उद्घाटनाच्या दिवशी जवानांनी सलाम ठोकला तेव्हा मनगटांची रांगच्या रांग उघडी पडली. एकाचं छातीवरचं बटण तुटून प्रमुख पाहुण्यांच्या चष्म्यावर आपटलं. त्याच संध्याकाळी थोरल्यांचं मत बनलं: ह्याला वेगळं दुकान काढायचं होतं, म्हणून ह्याने आपलं नाव बुडवलं. पुरावा म्हणजे महिन्याभरात धाकट्यांनी खरोखरच वेगळं दुकान काढलं. त्यांना थोरल्यांनीच हाकलून दिल्यामुळे काढलं, हा तपशील पुढे सांगण्याच्या ओघात गळून गेला. मताचं वय वाढत गेलं तसा त्याला घरात एखाद्या वडीलधाऱ्यासारखा मान मिळत गेला. त्याच्यासमोर मोठ्याने बोलायची कुणाची टाप नव्हती.

आणि आता लेक बोलली होती. तिला घरात टाचणी म्हणत; अंगाने तशी होती आणि जिभेनेही. आठ दिवसांपूर्वी तिने वडिलांसमोर उभं राहून सांगितलं होतं, "बाबा, तयार कपड्यांच्या कारखान्यातून बोलावणं आलंय. कटिंग विभागात. मी जाते."

"आपलं दुकान?"

"दुकानात मी काय करू? नऊ वर्षं शिवतेय. कापायला तुम्ही शिकवत नाही, कारण तुम्हाला आता कापता येत नाही."

हे खरं होतं. थोरल्यांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा दोन वर्षांपासून धरला होता. जाड कापडात कात्री मधेच थांबे. गिऱ्हाइकाला ते 'सध्या कोट घेत नाही, फार गर्दी आहे' म्हणून सांगत, आणि गिऱ्हाईक रिकाम्या दुकानाकडे बघत निघून जाई.

"आजोबांची कोटाची पद्धत दोघांनाच येते," टाचणी म्हणाली होती. "एक तुम्ही, एक काका. काका ह्या टेबलाशी बसून मला शिकवणार असतील तर मी राहते. नाहीतर पुढच्या सोमवारी पाच वाजता कारखान्याचा फोन येईल, त्याला हो म्हणते."

थोरल्यांनी हो किंवा नाही काहीच न म्हटल्यामुळे तिने काकांना बोलावून टाकलं होतं. आज तोच सोमवार. दुकानाची सुट्टी.

थोरले जिना उतरून दुकानात आले आणि पायरीवरच थबकले. कटिंगचं टेबल पुसून लख्ख केलेलं. कपाटातले पाहुण्यांचे कप बाहेर. आत्या ठरलेल्या वेळेच्या आधी अर्धा तास येऊन बसलेली, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. तिच्या शेजारी तिचे यजमान, दाढी करून, कोऱ्या चेहऱ्याने. ते जन्मभर बंबखान्यात होते, म्हणून त्यांना सगळे बंबवाले म्हणत. गेल्याच महिन्यात निवृत्त झाले होते. या चारपाच गोष्टी एकत्र केल्यावर थोरल्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"तू इतक्या लवकर कशी?" त्यांनी बहिणीला विचारलं.

"रिक्षा लगेच मिळाली."

"रिक्षा लगेच कशी मिळाली?"

"दादा, रिक्षावाला आमच्यात सामील नव्हता," आत्या म्हणाली.

'आमच्यात' हा शब्द थोरल्यांनी टिपून ठेवला.

"आणि पिशवीत काय आहे?"

"कापड. ह्यांचा कोट शिवायचाय. निवृत्तीचा. टाचणी म्हणाली, आणा."

"हं," थोरले म्हणाले. त्यांच्या बोलण्यात 'हं' आलं की समोरच्याने आपले कागदपत्र तयार ठेवावेत असा घरचा अनुभव होता. ते आपल्या खुर्चीत बसले. खुर्ची नेहमीच्या जागेपासून वीतभर उजवीकडे सरकलेली होती. त्यांनी ती परत जागेवर नेली आणि सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं.

"मला एक सांगा. त्याचं दुकान रस्तारुंदीत गेलं तीन महिन्यांपूर्वी. आणि लगेच हिला कारखान्याचं बोलावणं येतं. लगेच हिला काकाची आठवण होते. हे कसं?"

"म्हणजे रस्तासुद्धा भाऊजींनीच रुंद करवला म्हणता?" वहिनी कपात चहा ओतत म्हणाल्या.

"मी काही म्हणत नाही. मी फक्त विचारतो."

अर्ध्या उघड्या शटरखाली तेवढ्यात दोन चपला दिसल्या, मग पायजमा, मग कमरेत वाकलेले धाकटे. सरळ व्हायला त्यांना वेळ लागला. केस पार पिकलेले, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. थोरल्यांना एकदम वडील आत आल्यासारखं वाटलं, आणि त्याचाही राग आला. वडिलांसारखं दिसणं हा त्यांना धाकट्यांचा नवा डाव वाटला.

धाकट्यांनी दुकानभर नजर फिरवली, ती थोरल्यांच्या खांद्यावर येऊन थांबली.

"बाही चांगली बसवलीय," ते आत्याला म्हणाले. "ह्याने नाही बसवलेली."

"त्याला सांग, माझ्या लेकीने बसवलीय," थोरले आत्याला म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. शिकवलेली नाहीये, रक्तात आहे."

"त्याला सांग, रक्त आमच्याकडचंच आहे."

"मी मधे बसलेय म्हणून माझा टपाल खात्यासारखा उपयोग करू नका," आत्या म्हणाली. "दोघांचे कान शाबूत आहेत."

वहिनींनी धाकट्यांपुढे कप ठेवला. "घ्या भाऊजी. साखर एकच घातलीय."

थोरल्यांनी चमकून बायकोकडे बघितलं. एकतीस वर्षं ज्या माणसाचं नाव काढलं नाही, त्याच्या साखरेचा हिशोब हिच्या लक्षात कसा? त्यांना आपल्या घरात आपल्या पाठीमागे एक दुसरंच घर चालत असल्याचा भास झाला.

"बाबा," टाचणी टेबलापाशी आली. तिच्या हातात टेप होता. "भांडण नंतर करा, पाचला अजून पन्नास मिनिटं आहेत. आधी आतोबांचं माप घ्या. तुमच्याइतकं चोख माप कुणाचं नाही."

अशी स्तुती लेकीने नऊ वर्षांत केली नव्हती. थोरल्यांना संशय आला. पण स्तुतीही आली होती, आणि दोन्ही एकाच वेळी आली की माणूस स्तुती आधी घेतो. त्यांनी टेप गळ्यात टाकला. बंबवाले हात लोंबते सोडून उभे राहिले. थोरल्यांनी टेपचा एकचा आकडा त्यांच्या खांद्याच्या हाडावर धरला आणि टेप मनगटापर्यंत नेला.

"बाही पंचवीस."

"पंचवीस," टाचणीने लिहिलं. "काका, बघितलंत? बरोबर?"

"पंचवीस," धाकटे नाइलाजाने म्हणाले. "म्हणजे चोवीस."

"अर्थात चोवीस," थोरले म्हणाले.

मग टाचणीने टेबलाखालून एक लांबट वही काढली. निळं पुठ्ठ्याचं कव्हर, कडेने पिवळी पडलेली पानं. ती तिला माळ्यावर अस्तराच्या जुन्या तागांमागे सापडली होती. "बंबखाना," तिने वाचलं. "अनुक्रमांक सतरा. आतोबा, सतरा नंबर तुमचाच ना?"

"माझाच," बंबवाले म्हणाले.

"बाही." तिने वही उलटी करून वडिलांपुढे सरकवली. "तुम्हीच वाचा."

आत्याचं गोलगोल अक्षर थोरल्यांनी लांबूनही ओळखलं. बाही २४.

धाकटे चष्मा चढवून वहीवर ओणवे झाले. त्यांनी बोट आकड्यावर ठेवलं आणि उचललं नाही.

"वहीतच चोवीस होतं," ते हळू म्हणाले. "त्यातून मी घरचा इंच वजा केला. तेवीस कापलं."

"थांब," थोरले म्हणाले. "माणसाचा हात वाढतो."

"सत्तावीसचे अठ्ठावन्न होताना?" टाचणीने विचारलं.

"बंबाचा पाइप ओढून ओढून वाढतो. जन्मभर ओढलाय त्यांनी."

"मी उजव्या हाताने ओढायचो," बंबवाले म्हणाले. "डावा मोजा."

डावा मोजला. पंचवीस.

"पकडतात दोन्ही हातांनी," थोरले म्हणाले. पण आवाज जरा उसवला होता. म्हणून त्यांनी मोर्चा बहिणीकडे वळवला. "आणि मापं कोण लिहीत होतं? ही! त्या दिवशी हिचं लक्ष मापाकडे होतं की माप देणाऱ्याकडे, ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. सहा महिन्यांत लग्न केलंस त्याच्याशी! मी पंचवीस म्हणालो असेन, तू लिहिलंस चोवीस."

आत्याने पिशवी खाली ठेवली. आत्या पिशवी खाली ठेवते तेव्हा ती जायचं नाही असं ठरवते.

"दादा, माझं लक्ष ह्यांच्याकडे होतं हे कबूल. मग सतरा नंबरच चुकायला पाहिजे होता. बाकीच्यांकडे मी काय म्हणून बघत बसले असते? त्यातला निम्मा बंबखाना मिशीवाला होता, आणि मला मिशा आवडत नाहीत."

"मग ही वहीच बदललेली असणार."

"बाबा, एकतीस वर्षांपूर्वीचं आत्याचं अक्षर मी कुठून आणू? आत्ताचं अक्षर तर डॉक्टरच्या चिठ्ठीतसुद्धा खपेल."

"माझं अक्षर मधे आणू नका," आत्या म्हणाली.

थोरल्यांनी आधारासाठी वहिनींकडे बघितलं. त्या बिस्किटाचा पुडा फोडण्यात गुंतल्या होत्या. तो पुडा एरवी दातांनी फुटे. आज त्या कात्री शोधत होत्या.

"मी बोलू का?" बंबवाल्यांनी विचारलं.

सगळे त्यांच्याकडे वळले. बंबवाले या घरात एकतीस वर्षं जावई होते आणि त्या काळात त्यांनी बोलण्याची परवानगी पहिल्यांदाच मागितली होती.

"दादा, मी तिथं रांगेत उभा होतो. पहिल्या तिघांची मापं तुम्ही टेप एकपासून लावून सांगितली. चौथा आमचा ड्रायव्हर. तुम्ही म्हणालात, छाती एकोणचाळीस. तो म्हणाला, माझी छाती जन्मात अडतीसच्या वर गेली नाही. तेव्हा आमचे साहेब खुर्चीत बसले होते. ते खो-खो हसले. म्हणाले, 'अरे, ह्या शिंप्याला टेप कुठून धरायचा तेच माहीत नाही!' सगळा बंबखाना हसला. तुमचे कान लाल झाले. त्यानंतर तुम्ही टेप एकपासूनच लावलात, पण आकडा एक कमी करून सांगायला लागलात. मी तिथंच होतो. मला वाटलं, चला, ह्यांना चूक कळली."

"मग तुम्ही एकतीस वर्षं गप्प का बसलात, जावईबापू?" धाकट्यांचा आवाज चिरका झाला.

"मला चूक ती वाटतच नव्हती. अडतीस छातीला अडतीस म्हणण्यात चूक असते हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं. तोवर तुम्ही दोघं बोलत नव्हता, आणि मला कुणी काही विचारलं नव्हतं." बंबवाले थांबले. "शिवाय पहिल्या तिघांचे कोट उत्तम बसले. निवृत्त होईपर्यंत घातले त्यांनी. आखूड झाले ते एकोणचाळीस."

"बेचाळीस!" थोरले आणि धाकटे एकदम ओरडले.

एकतीस वर्षांत दोघा भावांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. ते दोघांच्याही लक्षात आलं, आणि दोघेही घाईने दुसरीकडे बघू लागले.

थोरल्यांची नजर वहीवर गेली. पहिली तीन नावं. मग चौथं. ड्रायव्हर, छाती ३८. त्या आकड्याकडे बघता बघता त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या, आणि मग ते सगळंच आलं: ओल्या रबराचा वास, लाल दरवाजा, खुर्चीत मागे रेलून हसणारा तो साहेब, त्याचा सोन्याचा दात. ते साठवणीत होतंच. वर इतकी वर्षं इतकं व्यवस्थित अस्तर लावलेलं होतं की आत काय आहे ते शिवणाऱ्यालाच आठवत नव्हतं. घरी परतताना बहिणीला सांगायचं होतं, 'ही मापं खरी आहेत, धाकट्याला घरचा इंच वजा करू नको म्हणावं.' पण मग का, ते सांगावं लागलं असतं. तो हसला, हे सांगावं लागलं असतं. ते मनाशी म्हणाले होते, उद्या सांगू.

त्यांनी मान वर केली. धाकट्यांच्या चेहऱ्यावर विजय असणार अशी त्यांची खात्री होती. तो तिथं नव्हता. धाकटे घरात चोरी झाल्यासारखे उभे होते.

"नाही," धाकटे म्हणाले. "हे काही खरं नाही."

"तेच मी म्हणतोय," थोरले म्हणाले.

"तू मुद्दाम केलंस. मला काढायचं होतं म्हणून तू चुकीची मापं दिलीस. एकतीस वर्षं मला हे ठाऊक आहे. रोज सकाळी दुकान उघडताना मी म्हणायचो, सख्ख्या भावाने डाव टाकला, तरी मी उभा राहिलो. आणि आता हे सांगतात, साहेब हसले म्हणून? कान लाल झाले म्हणून? कान लाल झाले ह्यासाठी मी तुझ्या लग्नाच्या पंचविशीला आलो नाही? बाबांना शेवटचं दवाखान्यात बघायला गेलो ते तू जेवायला गेल्याचं बघून, जिन्याखाली लपून उभा राहून गेलो, ते ह्यासाठी?"

हे जिन्याखालचं थोरल्यांना माहीत नव्हतं.

"मुद्दाम केलंस असं म्हण," धाकटे म्हणाले. "निदान तेवढं तरी म्हण."

थोरल्यांपुढे आता दोनच रस्ते होते. एकावर ते लबाड ठरत, दुसऱ्यावर बावळट. आयुष्यभर सरळमार्गी म्हणवून घेतलेल्या या माणसाला लबाडीचा रस्ता एकाएकी बराच प्रशस्त दिसू लागला. त्यांनी खाकरून घेतलं.

"समजा," ते म्हणाले, "समजा, केलं असेन मुद्दाम..."

"ह्यांनी?" वहिनींना बिस्किटाच्या पुड्यासाठी अखेर कात्री सापडली होती. "भाऊजी, तेहतीस वर्षं झाली, मी बघतेय. ह्यांना मुद्दाम काही करता येत नाही. माझ्या भावाच्या लग्नाला मुद्दाम उशिरा जायचं ठरवलं होतं, तर तासभर आधी पोचले. डाव टाकायला आधी एक वाक्य मनात ठेवावं लागतं. ह्यांच्या मनात जे येतं ते आधी कानावर दिसतं."

सगळ्यांनी थोरल्यांच्या कानांकडे बघितलं. ते लाल होते.

धाकटे स्टुलावर बसले. बराच वेळ ते गळ्यातल्या चष्म्याच्या दोरीला गाठी मारत आणि सोडवत राहिले. कुणी बिस्किटाला हात लावला नाही. आत्याने बंबवाल्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो शाबासकीचा होता की 'आता गप्प बसा'चा, ते त्यांनाही कळलं नसावं, कारण ते दोन्ही गोष्टींची तयारी करून बसले.

टाचणीचा फोन वाजला. पाचला दोन मिनिटं कमी होती.

"कारखाना वेळेच्या आधी फोन का करतो?" थोरले सवयीने म्हणाले.

"हॅलो," टाचणी म्हणाली. "हो, मीच. एक मिनिट थांबाल?" तिने फोनवर तळवा दाबला. तिचा आवाज खाली आला, आणि त्यात टोचणारं काही उरलं नव्हतं. "बाबा, मला ह्यांना काय सांगायचं ते सांगा. तिथं यंत्राने दोनशे थर एकदम कापतात. मी बटण दाबायचं. मला ते नकोय. पण इथं बसून तुम्हा दोघांची मतं सांभाळायचीत, तर तेही नकोय."

थोरल्यांनी लेकीकडे बघितलं. मग भावाकडे. अंगठा टेबलाखाली ठणकत होता. आत कुठेतरी 'माझं चुकलं' हे शब्द एका जागी जमू लागल्याचं त्यांना जाणवलं. त्यांनी घसा साफ केला, तोंड उघडलं, आणि जे बाहेर आलं ते असं:

"माझा ह्याच्यावर विश्वास नाही. आजही नाही. वहीत काहीही लिहिलेलं असो."

टाचणीने फोन कानाकडे नेला.

"आणि म्हणूनच," थोरले घाईने म्हणाले, "म्हणूनच हा माझ्या नजरेसमोर पाहिजे! दोन गल्ल्या पलीकडे राहून एकतीस वर्षं ह्याने काय केलं, मला पत्ता नाही. त्यापेक्षा ह्या टेबलाशी बसलेला बरा. मी समोर बसेन. एकेक कात्री मोजून घेईन."

"माझाही तुझ्यावर नाही," धाकटे उठून उभे राहिले. "तू मापं घेणार असशील तर मी शेजारी हजर पाहिजे. टेप कुठून धरतोस, काय म्हणतोस, सगळं माझ्या डोळ्यांनी बघणार. सकाळी नऊला येईन."

"साडेआठला ये. नऊपर्यंत तू बाहेर काय करणार ते मला काय माहीत?"

"साडेआठला येईन. माफी मागणार नाही."

"मागितलीय कुणी? मीही मागणार नाही."

"मागूच नकोस. मागितलीस तर मला संशय येईल."

टाचणी फोनमध्ये म्हणाली, "माफ करा, मला नाही जमणार. नाही, पगाराचा प्रश्न नाही. इथं दोन माणसांवर पाळत ठेवायचीय आणि दुसरं कुणी मोकळं नाही." तिने फोन ठेवला, पाठ वळवली आणि कपाटातलं रीळ उगाच खालीवर केलं. वहिनींनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी तिच्यासाठी एक बिस्कीट बशीत वेगळं काढून ठेवलं.

आत्याने पिशवीतलं कापड काढून टेबलावर पसरलं. गडद करडं, जाड, कडक इस्त्रीचं. दोघा भावांचे हात एकाच वेळी त्याची सळ काढायला पुढे आले आणि एकाच वेळी मागे गेले.

"एक विचारू?" टाचणी डोळे पुसून म्हणाली. "निदान आता तरी टेप शून्यापासून लावू या का? टेप नवा आहे. आजोबा नाहीत. सगळा घोळ त्या एका इंचानेच झाला."

"अजिबात नाही!" थोरले म्हणाले.

"टेपचं टोक कधीच भरवशाचं नसतं," धाकटे म्हणाले.

"बाबांना काय वाटेल?" आत्या म्हणाली.

बंबवाले काही बोलले नाहीत. अडतीसला अडतीस म्हणून काय होतं ते त्यांनी बघितलेलं होतं.

धाकट्यांनी खडू उचलला, बोटांत फिरवून त्याची धार पाहिली आणि कापडावर वाकून खांद्याची पहिली रेघ ओढायला घेतली. थोरले त्यांच्या अगदी खांद्याला खांदा लावून, मान पुढे काढून, डोळ्यांत तेल घालून उभे राहिले. आता या रेघेवरून काय व्हायचं ते होणार होतं, आणि ते होताना आपण तिथं असलो पाहिजे, हे त्यांचं नवं मत होतं. कुणी विचारलं असतं तर मात्र ते पहिल्यापासूनचंच आहे असं त्यांनी सांगितलं असतं. रेघ अर्ध्यावर थांबली. टाचणीने श्वास रोखला. वहिनींच्या हातातला कप तसाच राहिला.

"दादा," धाकटे मान वर न करता म्हणाले, "जरा सरक ना पलीकडे. उजेड अडवतोयस."